शॉर्टकट ज्याचा त्याला ठरवू द्या

मा. जिल्हाधिकारी,
रायगड, अलिबाग यांस,



रायगडच्या १५ तालुक्यांपैकी पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपुरती एक मागणी या पत्रात आहे. तिला पैसा फारसा लागत नाही, आपल्या सहीचा लेखी आदेश मात्र लागतो. सरकारी कचेरीत, महाविद्यालयात किंवा सार्वजनिक वाचनालयात संगणकावर बसणाऱ्या दृष्टिहीन माणसाला पडद्यावरचे वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मिळावा, इतकेच सांगायचे असते तर पत्राचे कारण नव्हते. ते कायद्याने आधीच सांगितले आहे. मला त्याच्या पुढचे सांगायचे आहे. स्क्रीन रीडरच्या आज्ञा कोणत्या बटणांवर असाव्यात हे त्या माणसाला स्वतः ठरवता आले पाहिजे आणि त्याने आज लावलेली बटणे उद्या सकाळी जागेवर सापडली पाहिजेत. आपल्याकडे ‘स्क्रीन रीडर टाकून दिला’ असा शेरा पडला की फाइल बंद होते. काम खरे तर तिथून सुरू होते.

डोळस माणूस पडद्यावर एक नजर टाकतो, हवा तो रकाना हेरतो आणि माऊस तिथे नेतो. दृष्टिहीन माणसाला तेच पान एकामागून एक ओळीने, कानावाटे मिळते. कुठे थांबायचे, काय ओलांडायचे, काय पुन्हा ऐकायचे हे सगळे तो बटणांनी सांगतो. कीबोर्ड हाच त्याचा पडदा आणि तोच माऊस. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला. पुढे जेम्स टेह हा दुसरा दृष्टिहीन प्रोग्रामर त्याला मिळाला. एनव्हीडीए मोफत आहे आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. वेबपानावर एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढची लिंक, टी दाबले की पुढचा तक्ता. इन्सर्ट आणि एफ-७ एकत्र दाबले की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी. अशा आज्ञा शेकड्याने आहेत. त्यातल्या बऱ्याच आज्ञांना तयार बटण दिलेलेच नाही, कारण कुणाला काय लागेल हे बनवणाऱ्याला माहीत नसते. त्यासाठी त्याने इनपुट जेश्चर्स नावाची खिडकी ठेवली आहे. इन्सर्ट-एन दाबून मेनू उघडायचा, प्रेफरन्सेसमधून त्या खिडकीत जायचे, हवी ती आज्ञा शोधायची, ॲड म्हणायचे आणि जी बटणे हवीत ती दाबायची. सगळे ऐकत ऐकत, कुणाच्या मदतीशिवाय होते. पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणारा कारागीर आपले ब्रश आपल्या हाताच्या बेताने मांडून घेतो आणि मालक त्यात लक्ष घालत नाही. संगणकाच्या बाबतीत एवढीच मोकळीक मागतो आहोत.

मूळ बटणे चांगली असताना ती बदलायची कशाला, असे कुणी विचारील. बदलावी लागतात, कारण कीबोर्ड एक आणि त्यावर हक्क सांगणारे तिघे: विंडोज, समोरचा प्रोग्राम आणि स्क्रीन रीडर. एक उदाहरण जवळून पाहू. वेबपानावरच्या किंवा वर्डमधल्या तक्त्यात एका घरातून खालच्या घरात जायचे तर एनव्हीडीएमध्ये कंट्रोल, आल्ट आणि खालचा बाण दाबतात. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये नेमकी हीच तीन बटणे पडदा उलटा करतात. स्क्रीन रीडर ती आज्ञा स्वतः पकडतो तोवर ठीक चालते. तो पकडत नाही अशा खिडकीत सवयीने हात गेला की पडदा डोक्यावर उभा राहतो. वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, त्याचे काम चालूच असते. शेजारचा सहकारी मात्र पाहतो आणि ‘यांनी मशीन बिघडवलं’ असा निष्कर्ष काढतो. उपाय दोन आहेत. ड्रायव्हरची ती बटणे बंद करायची, नाहीतर तक्त्यात फिरण्याच्या चार आज्ञा दुसऱ्या बटणांवर न्यायच्या. दोन्ही कामे मिनिटांची आहेत. ती करायची मुभा नसेल, तर एका माणसाच्या कामाबद्दल कायमचा गैरसमज होतो.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातल्या कचेरीपुरते खास आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. आपल्या कार्यालयातला कागद क्वचितच एका भाषेत असतो. परिपत्रक मराठीत, त्यातली योजनेची नावे आणि संगणकप्रणालीचे शब्द इंग्रजीत, खालचा तक्ता पुन्हा मराठीत. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे. पण कोणत्या ओळीला कोणता आवाज लावायचा ही खूण मजकुरात दिलेली असेल तरच तो आपणहून भाषा बदलतो आणि आपल्याकडच्या बहुतेक कागदांत ती खूण कुणी घालत नाही. मग मराठी आवाज इंग्रजी शब्द ओळखू येणार नाहीत असे वाचतो आणि इंग्रजी आवाजापुढे देवनागरी ओळ आली की अर्थ निसटतो. यावर वापरणाऱ्याने शोधलेला मार्ग सोपा आहे: मराठी आवाजाची एक प्रोफाइल, इंग्रजीची दुसरी, आणि दोन्हींना एकेक बटण. एका दाबात भाषा बदलते. ही दोन बटणे कोणती असावीत हे ऑस्ट्रेलियात बसून ठरणार नव्हते, मुंबईतही ठरणार नाही. ते टंकलेखनाच्या मांडणीवर अवलंबून आहे. इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत ₹ हे चिन्ह उजव्या आल्टबरोबर ४ दाबून येते आणि विंडोज उजव्या आल्टला कंट्रोल-आल्टच समजते. म्हणून कंट्रोल-आल्ट-४ वर कुणी भलतीच आज्ञा बसवली, तर महसुलाच्या पत्रात रुपयाचे चिन्ह उमटेनासे होईल. कोणते बटण मोकळे आहे हे त्या मांडणीवर रोज हात चालवणाऱ्यालाच ठाऊक असते.

इनस्क्रिप्टचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ही त्या मांडणीतली शिस्त न पाहता टंकन करणाऱ्याला फार सोयीची आहे. बोटांना जागा सांगणारे एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ यांवर येतात. बाकी सगळी वर्णमाला तिथून मोजता येते. चांगली मांडणी हाताशी आहे, तिच्याशी भांडणारे शॉर्टकट मात्र हलवता यायला हवेत.

कीबोर्डचा आकारही यात येतो. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत मजकूर तपासण्याच्या आज्ञा उजवीकडच्या अंकपट्टीवर आहेत: ७, ८, ९ ने ओळी, ४, ५, ६ ने शब्द, १, २, ३ ने अक्षरे. अर्जातले नाव बरोबर लिहिले गेले का, ‘शि’ की ‘शी’, हे अक्षर-अक्षर ऐकून पाहायचे तर याच आज्ञा लागतात. लहान लॅपटॉपवर अंकपट्टी नसते. लॅपटॉपसाठीची वेगळी मांडणी आहे खरी, पण दोन वर्षे अंकपट्टीवर बसलेला हात एका दिवसात ती उचलत नाही. त्याला निदान रोजच्या पाच-सात आज्ञा ओळखीच्या जागी आणता याव्यात. नाहीतर यूएसबीचा पूर्ण कीबोर्ड द्यावा, जो काही शे रुपयांत येतो.

आता अडते कुठे ते पाहू. स्क्रीन रीडर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो, तो कचेरीत एकाकडे असतो आणि तो माणूस त्या दिवशी दौऱ्यावर असतो. पेनड्राइव्हवरून चालणारी प्रत निघते, पण सुरक्षेसाठी यूएसबी बंद ठेवलेले असते. आणि ती चालली तरी लॉगिनच्या किंवा परवानगी विचारणाऱ्या खिडकीपाशी मुकी होते, कारण बसवलेली प्रतच तिथे बोलू शकते. संगणकाच्या काही वर्गांमध्ये रीस्टार्ट होताच सगळे मूळ स्थितीत नेणारी व्यवस्था असते. तिथे काल लावलेला शॉर्टकट आज उरत नाही. सर्वांत जास्त नुकसान मात्र सगळ्यांनी मिळून वापरायच्या एकाच लॉगिनमुळे होते. एनव्हीडीए प्रत्येक वापरकर्त्याची बटणे त्याच्या स्वतःच्या खात्यात साठवतो. खाते एकच असेल तर एकाची मांडणी दुसऱ्याच्या हातात जाते आणि कुणीतरी वैतागून सगळे पुसून टाकतो. इतके लांब जायलाही नको. एनव्हीडीए सुरू करण्याचा कंट्रोल-आल्ट-एन हा शॉर्टकट डेस्कटॉपवरच्या त्याच्या चिन्हाशी बांधलेला असतो. डेस्कटॉप साफ करताना ते चिन्ह उडाले, की बटणेही गेली आणि दृष्टिहीन कर्मचाऱ्यापुढे मुका संगणक उरला.

सुरक्षेचा आक्षेप मी हलका मानत नाही. सरकारी संगणकावर कुणीही काहीही बसवावे असे मी म्हणणार नाही. म्हणून इथे दोन वस्तू नीट वेगळ्या करायला हव्यात. एनव्हीडीएला जोडायचे ॲड-ऑन म्हणजे चालणारा कोड असतो. तो तपासल्याशिवाय येऊ देऊ नये हे रास्त आहे. बदललेली बटणे मात्र एका साध्या मजकुराच्या फाइलीत राहतात. तिचे नाव जेश्चर्स डॉट आयएनआय. कोणत्या आज्ञेला कोणते बटण, इतकेच त्यात लिहिलेले असते आणि नोटपॅडमध्ये उघडून ती वाचता येते. पहिल्या वस्तूवरचे बंधन दुसरीवर लादण्याचे कारण नाही. जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्यांनी स्क्रीन रीडरची प्रत एकदा तपासून रीतसर बसवावी, यूएसबी खुशाल बंद ठेवावे आणि प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन द्यावे. त्यात सुरक्षाही वाढते, कारण कोणत्या नोंदीला कुणाचा हात लागला हे सामायिक लॉगिनमध्ये कधीच कळत नाही.

दुसरा आक्षेप प्रशिक्षण देणाऱ्यांकडून येतो आणि त्यात तथ्य आहे. प्रत्येकाने आपापली बटणे लावली तर शिकवायचे कसे, बिघाड झाला तर फोनवरून सांगायचे कसे? नवशिक्याने आधी मूळ बटणेच शिकावीत, याबद्दल माझे दुमत नाही. दुसऱ्या संगणकावर बसायची वेळ आली तर तीच कामाला येतात. पण एनव्हीडीएमध्ये एका आज्ञेला एकाहून जास्त बटणे देता येतात. नवे जोडले म्हणून जुने जात नाही. कुठले बटण काय करते हे विसरले तर इन्सर्ट-१ दाबून कोणतेही बटण चाचपून पाहता येते. ते काम न करता फक्त आपले नाव आणि आपले काम सांगते. आणि फारच गोंधळ झाला तर त्याच खिडकीत सगळे मूळ पदावर आणण्याची सोय आहे. डोळस कर्मचाऱ्यांचा डेस्कटॉप, त्यांचे टूलबार, त्यांच्या एक्सेलमधले रकाने एकसारखे असावेत असा आग्रह कुणी धरत नाही आणि तरी त्यांच्या तक्रारी सुटतात.

‘असे वापरणारे आहेत किती?’ हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण निधीच्या बैठकीत तो असतोच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे पावणेसहा लाख लोक नोंदले गेले. त्यातले दोन तालुक्यांच्या वाट्याला थोडेच येतील आणि संगणकावर बसणारे त्याहून थोडे. म्हणून तर खर्चही थोडा आहे. शिवाय संख्या कमी दिसण्याचे एक कारण आपल्या व्यवस्थेत आहे. लिपिकाच्या भरतीत मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द मागितला जातो. तो वेग सिद्ध करून आलेल्या माणसाला नंतर अशा संगणकावर बसवायचे, जिथे प्रत्येक ओळ तपासायला त्याला तीनपट वेळ लागावा, आणि मग त्याच्याकडे टपाल फोडण्याचे काम द्यायचे, हा अन्याय आकड्यांत दिसत नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६ च्या परीक्षेत देशात १२४ व्या आल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी पदाचा कार्यभार घेतला. उपविभाग सांभाळणारा अधिकारी दृष्टिहीन असू शकतो, तर तहसीलच्या टेबलावर बसणारा लिपिक नक्कीच असू शकतो.

‘आम्ही मदत करतो की’ हे उत्तर प्रेमाने दिले जाते, म्हणून त्याला प्रत्युत्तर देणे अवघड असते. आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज केंद्रचालकच भरतो, डोळस अर्जदाराचाही. तिथे माझी मागणी कमी तातडीची आहे हे मी मान्य करतो. पण डोळस अर्जदार सही करण्यापूर्वी पडद्याकडे बघून घेतो. दृष्टिहीन अर्जदाराला आपले उत्पन्न, आपला आधार क्रमांक, आपल्या बँकेचा तपशील दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो आणि त्यावर विश्वास टाकावा लागतो. भरलेला अर्ज स्वतःच्या कानांनी तपासण्यापुरता तरी संगणक त्याच्या हाती द्यावा. आणि हाती दिला, तर त्याच्या सवयीच्या बटणांना ओळख दाखवणारा द्यावा. मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे, त्यावर भागते, असेही म्हणतात. निरोप, पैसे पाठवणे, बातम्या यांना भागते. ४० पानी टिपणीला किंवा एक्सेलच्या पत्रकाला भागत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याला माझ्याहून चांगला माहीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २० प्रत्येक शासकीय आस्थापनेवर दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोय करण्याची जबाबदारी टाकते. वाजवी सोयीची त्याच कायद्यातली व्याख्या सांगते, की विशिष्ट प्रसंगात गरजेचे आणि योग्य फेरफार करायचे, मात्र अवाजवी भार न टाकता. ‘विशिष्ट प्रसंगात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत: सर्वांसाठी एकच सॉफ्टवेअर बसवून ही सोय पुरी होत नाही, ती त्या माणसाच्या मापाची असावी लागते. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक २०२१ आणि २०२२ मध्ये दोन भागांत आले. वेबपानांसाठीच्या ज्या आंतरराष्ट्रीय निकषांचा ते आधार घेते, त्यांत २०१८ पासून असे म्हटले आहे, की एकाच अक्षराच्या बटणावर चालणारा शॉर्टकट असेल तर तो बंद करता यावा, बदलता यावा किंवा त्या घटकावर असतानाच चालावा. हा निकष वेबपानांचा आहे, कचेरीतल्या संगणकाचा नव्हे. पण बटण बदलता येणे हा सुलभतेचाच भाग आहे, हे त्यातून मान्य झालेले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष करायला सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. जिल्हा पातळीवर वाट पाहण्यासारखे आता काही उरलेले नाही.

शॉर्टकटने सगळे सुटेल असा माझा दावा नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी स्क्रीन रीडरला इंग्रजी अक्षरांचा कचरा वाटते आणि स्कॅन करून चढवलेला आदेश त्याला नुसते चित्र दिसतो. ती लढाई वेगळी आहे आणि ती चालू राहील. पण ती जिंकेपर्यंत हे छोटे काम थांबवून ठेवू नये.

पेण आणि रोहा का, तर दोन्ही उपविभागाची ठिकाणे आहेत. पेणला नगरपरिषद आहे, रोह्याला रोहा अष्टमी नगरपरिषद आहे, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. कीबोर्ड आणि हेडफोन त्यातून सहज येतात. दोन्ही गावे दिवा–रोहा मार्गावर आहेत. मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातल्या दृष्टिहीनांच्या संसाधन केंद्रात किंवा वरळीच्या नॅब या दृष्टिहीनांच्या संस्थेत स्क्रीन रीडर शिकलेली मुले-मुली याच रेल्वेने घरी परततात. तिथे शिकून हातात बसलेली बटणे गावाकडच्या संगणकाने नाकारली, तर ते शिक्षण पनवेलच्या पलीकडेच राहते. रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते. आपल्या कचेरीत एक रीत बसली, की त्यांना तीच दाखवता येईल.

मागणी अशी. दोन्ही तहसील व उपविभागीय कार्यालयांत आणि दोन्ही नगरपरिषदांत निदान एकेका संगणकावर एनव्हीडीए रीतसर बसवावा, तो लॉगिनच्या पडद्यापासून बोलावा. त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन असावे आणि बटणांची फाइल रीस्टार्ट, अपडेट किंवा संगणक बदलला तरी त्याच्याबरोबर जावी. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्याने स्क्रीन रीडरविषयीची विनंती किती दिवसांत पुरी करायची हे आदेशात लिहावे. वाचनालयांना आणि महाविद्यालयांना हेच करण्याचे पत्र जावे. आणि हे सगळे ठरवण्याच्या बैठकीला रोज स्क्रीन रीडर वापरणारी निदान दोन माणसे बोलवावीत, एक इनस्क्रिप्टवर टाइप करणारे आणि एक दुसऱ्या मांडणीवर. कोणती बटणे मोकळी ठेवायची याची पहिली यादी त्यांच्याकडून घ्यावी.

कळावे.

रायगड जिल्ह्यातील एक नागरिक